सांची, किन्नू आणि नऊ हजारांचं घड्याळ

नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, रिसेप्शनच्या जेवणाच्या रांगेत हा वाद सुरू झाला आणि हातातलं आइस्क्रीम वितळेपर्यंत चालला. माझ्या भाच्याने नवं घड्याळ घातलं होतं. एका छोट्या भारतीय कंपनीचं, नऊ हजारांचं. काळी डायल, ठळक गोल खुणा, फिरती बेझल (काचेभोवतीची कडी), जरा मोठीच वाटावी अशी चावी. १९५०च्या दशकातल्या रोलेक्स सबमरीनरचा चेहरा जवळजवळ जसाच्या तसा, फक्त डायलवरचं नाव कंपनीचं स्वतःचं. पुण्याहून आलेल्या माझ्या शाळेतल्या मित्राच्या मनगटावर खरंखुरं स्विस घड्याळ होतं. भाच्याचा हात धरून त्याने घड्याळ पाहिलं आणि मला म्हणाला, "अबे, कॉपी घालण्यापेक्षा मनगट रिकामं ठेवावं माणसाने." पुढे नवरदेवाचा एक दोस्त उभा होता. त्याच्या हातात चक्क 'रोलेक्स' होतं, अडीच हजारांचं. तो मागे वळून हसला. "सगळेच कॉपी करतात काका. आमची फर्स्ट कॉपी आहे, एवढंच."

भांडण या दोघांचंच झालं. भाचा मुकाट्याने पनीर वाढून घेत राहिला. एकाचं म्हणणं, नक्कल म्हणजे चोरी. दुसऱ्याचं म्हणणं, जगात अस्सल असं काही नसतंच, मग चोरी कसली? वरवर ही दोन टोकं वाटतात. पण भाच्याचं नऊ हजारांचं घड्याळ आणि ते अडीच हजारांचं 'रोलेक्स' एकाच पंगतीतलं आहे, यावर दोघांचं पूर्ण एकमत होतं. मला सगळा घोळ या एकमतातच दिसतो. नाव उचलणं ही फसवणूक आहे. रूप उचलणं ही फसवणूक नाही. घड्याळांचा सगळा इतिहास रूपांच्या देवाणघेवाणीवरच उभा आहे. मात्र रूप उचलताना ते कशासाठी तसं झालं होतं हे विचारायचंच नाही, हा आळस आहे, आणि त्याच्याबद्दल त्या रांगेत कुणीच बोललं नाही.

नावाची गोष्ट नागपूरकराला समजावून सांगावी लागू नये. थंडीच्या दिवसांत परगावच्या फळवाल्याकडे 'नागपूर का संतरा' अशी पाटी असते आणि पाटीखाली किन्नू रचलेला असतो: चकचकीत, घट्ट सालीचा, बियांनी भरलेला. आपल्याला राग येतो. पण किन्नूचा येतो का? ते काही वाईट फळ नाही. कॅलिफोर्नियात दोन जातींच्या संकरातून ते तयार झालं, १९३५ मध्ये लागवडीसाठी बाहेर पडलं आणि पंजाबात त्याने चांगला संसार थाटला. रसाला तर ते उत्तमच. राग येतो तो पाटीचा. किन्नू म्हणून विकलं असतं तर आपण दोन किलो घेतलंही असतं. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेही याच पाटीसाठी; रंगावर, गोलाईवर किंवा आंबटगोड चवीवर कुणाची मालकी असावी म्हणून नव्हे. भाच्याचं घड्याळ हे किन्नू म्हणून विकलेलं किन्नू आहे. दोस्ताचं घड्याळ पाटी लावून बसलं आहे.

कायद्यानेही हा फरक पुरता ओळखला आहे. डिझाइनची नोंदणी केली तर २०००च्या डिझाइन कायद्याप्रमाणे १० वर्षं संरक्षण मिळतं, मागितल्यास आणखी ५. त्यानंतर ते रूप सगळ्यांचं. ट्रेडमार्क मात्र दर १० वर्षांनी नूतनीकरण करत पिढ्यान्‌पिढ्या राखता येतो आणि खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकला तर किमान ६ महिने तुरुंगाची तरतूद आहे. (आकाराचीसुद्धा ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करता येते, ती वेगळी भानगड, वकील मित्र असेल तर त्याला चहा पाजून विचारावं.) रूप काही वर्षांपुरतं, नाव कायमचं, अशी वाटणी का केली असेल? नाव म्हणजे जबाबदारी. बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं, ते नाव सांगतं. रूप म्हणजे ज्ञान, आणि ज्ञानाला कायमचं कुलूप लावलं तर पुढच्याने शिकायचं कुठून?

आता मित्राचा मुद्दा त्याच्या सगळ्या ताकदीनिशी मांडतो, कारण तो हलका नाही. जेराल्ड जेंटा नावाच्या माणसाला एका संध्याकाळी ऑडेमार पिगे या स्विस कंपनीकडून फोन आला आणि सकाळपर्यंत त्याने एक घड्याळ रेखाटून दिलं, असं तो स्वतः सांगत असे. अष्टकोनी बेझल, तिच्यावर आठ स्क्रू, केसमधूनच, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीतूनच, वाहत निघाल्यासारखा पोलादी पट्टा. १९७२ मध्ये ते रॉयल ओक म्हणून बाजारात आलं तेव्हा पोलादाचं असूनही कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग होतं. लोक हसले. तो धोका कंपनीने पत्करला. आज तोच अष्टकोन, तोच पट्टा, तेच आठ ठिपके पाच हजारांत मिळतात. ज्यांनी हसू झेललं नाही, एक रात्र जागवली नाही, त्यांनी त्या रात्रीचं पीक का कापावं? आणि असंच चाललं तर पुढचा जेंटा पेन्सिल उचलेल का?

पण १९७२ला पन्नास वर्षं कधीच उलटून गेली. त्या धोक्याची किंमत वसूल झाली, व्याजासकट झाली. नकलांचा पूर आला तरी अस्सल रॉयल ओकसाठी पैसे घेऊन ताटकळणारे लोक आहेतच. पाच हजारांचं घड्याळ घेणारा त्या रांगेतून फुटून आलेला नसतो. शिवाय खुद्द जेंटानेच १९७६ मध्ये पाटेक फिलिपसाठी नॉटिलस काढलं, त्याच वर्षी आयडब्ल्यूसीचं इंजेनिअर नव्याने घडवलं. तसाच पोलादी डौल, तसाच केसमध्ये मिसळलेला पट्टा. मग यातलं अस्सल कोणतं? माणसाने स्वतःची नक्कल केली असं म्हणायचं, की एकच प्रश्न त्याने तीनदा सोडवला असं म्हणायचं?

सबमरीनरचं तर पितृत्वच वादग्रस्त. १९५३च्या आसपास ब्लांपँचं फिफ्टी फॅदम्स, रोलेक्सचं सबमरीनर आणि झोडियॅकचं सी वुल्फ ही तिन्ही पाणबुड्यांची, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांची, घड्याळं आगेमागे आली. तिघांची डायल काळी, तिघांच्या खुणा अंधारात उजळणाऱ्या, तिघांना फिरती बेझल. कोणी कोणाचं पाहिलं? ब्लांपँचे प्रमुख जाँ-जाक फिश्तेर स्वतः पाण्याखाली उतरणारे होते. सिलिंडरमधली हवा संपत आली की काय होतं हे त्यांनी अनुभवलं होतं. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांना हवं होतं तेही नेमकं तेच: खाली उतरून किती मिनिटं झाली ते एका नजरेत कळावं. गढूळ पाण्यात दिसायचं तर काळ्यावर पांढरं हवं, मिनिटं मोजायची तर फिरती बेझल हवी. प्रश्न सारखा म्हणून उत्तरं सारखी. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांची घड्याळं पाच कंपन्यांनी एकाच आराखड्यावरून बनवली: ५५ मिलिमीटरची, १२ च्या जागी त्रिकोण आणि दोन ठिपके. यात पहिला कोण आणि चोर कोण, हे ठरवायला बसणाऱ्याला माझ्या शुभेच्छा.

एका बाबतीत मात्र मी मित्राच्या बाजूने उभा राहीन, आणि त्याला सुचलं नाही ते त्याच्यासाठी सांगेन. १९४७ मध्ये नेथन जॉर्ज होरविट याने एक डायल रेखाटली: सगळी काळी, ना आकडे ना रेघा, फक्त १२ च्या जागी एक सोनेरी ठिपका, माथ्यावर आलेल्या सूर्यासारखा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती संग्रहात घेतली. जगभर ती खपली मोव्हाडो कंपनीच्या नावाने, आणि होरविटला आपल्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. इथे कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवलं तरी पोटात खुपतं, कारण दिशा उलटी आहे: मोठ्याने लहानाचं घेतलं, तेही त्याच्या हयातीत, ताजं असताना. साठसत्तर वर्षं जुनं, बलाढ्य कंपनीचं, हजारदा गिरवलेलं रूप घेणं वेगळं आणि कुण्या एकट्या मुलीने गेल्या वर्षी काढलेलं चित्र उचलणं वेगळं. नकलेवरच्या वादात 'कोणाची' आणि 'केव्हा' हे दोन शब्द आले नाहीत की तो वाद पोकळ समजावा.

आता फर्स्ट कॉपीवाल्याकडे वळू. त्याच्याकडेही हत्यार आहे, आणि ते त्याला ठाऊक नाही एवढ्यावरून मी ते लपवणार नाही. स्विस लोक आज अस्सलपणाचे मठाधिपती असले तरी त्यांचं पूर्वचरित्र भलतंच रंगीत आहे. अठराव्या शतकात लंडनच्या कारागिरांची खोटी नावं घातलेली घड्याळं युरोप खंडात सर्रास बनत. पॅरिसचा नामांकित घड्याळजी ब्रेगे नकलांनी इतका हैराण झाला की १७९५च्या सुमारास तो डायलवर तिरप्या उजेडातच दिसेल अशी बारीक गुप्त सही कोरू लागला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या वॉल्थम कंपनीची घड्याळं गाजू लागली तेव्हा नावातही वॉल्थमचा भास होईल असा स्विस माल अमेरिकेत विकला जात होता. तेव्हा तुम्ही केलंत ते व्यवसायचातुर्य आणि आम्ही केलं ते पाप? प्रश्न बिनतोड आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनासाठी लाँजिन या स्विस कंपनीचा तरुण अभियंता जाक दाव्हिद अमेरिकेला गेला. वॉल्थमचे कारखाने त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि परतल्यावर एक खणखणीत अहवाल लिहिला: अमेरिकन घड्याळाचे सुटे भाग यंत्रावर एकसारखे निघतात, एकाचा भाग दुसऱ्याला बसतो, आपण घरोघरी कानस घासत बसलो तर बुडालो. हीसुद्धा नक्कलच, पण वॉल्थमच्या नावाची किंवा डायलची नव्हे. अमेरिकन लोक कोणता प्रश्न सोडवत आहेत, हे त्याने उचलून आणलं. स्विस धंदा तरला तो या नकलेमुळे. खोटी नावं घालणारे किती कारखाने तरले, ते कुणी लक्षात ठेवलेलं नाही.

फर्स्ट कॉपीच्या बाजूने आणखी एक बोललं जातं, जरा वर्गलढ्याच्या सुरात: आठ लाखांच्या घड्याळात आठ लाखांचं असतं काय? गरिबाने मिरवलं तर यांचं पोट का दुखावं? किमतीचा मोठा हिस्सा प्रतिष्ठेचा असतो हे मला मान्यच आहे. पण मग त्या प्रतिष्ठेला लाथ मारावी की! फर्स्ट कॉपी घालणारा तिला लाथ मारत नाही, तो तिचा सर्वांत निष्ठावंत भक्त असतो. त्याला घड्याळ नको असतं, ती पाच अक्षरं हवी असतात. ज्याला खरंच टेचात रोलेक्सला तुच्छ लेखायचं आहे त्याने १९८९ पासून जसंच्या तसं चाललेलं कॅसिओचं प्लास्टिकचं एफ-९१डब्ल्यू घालावं. त्याच्याइतकं स्वतःच्या रूपात नांदणारं घड्याळ शोधून सापडणार नाही.

आणि नावाची जबाबदारी काय असते ते बर्डीवरच्या माझ्या घड्याळजी काकांना विचारा. दुकान कसलं, जिन्याखाली काचेचं एक कपाट आणि डोळ्याला भिंग. पावसाळ्यात त्यांच्याकडे आतून धुकं धरलेली घड्याळं येतात. "डायलवर लिहिलंय ३०० मीटर," ते एकदा मला दाखवत म्हणाले, "आणि हे हात धुताना बुडालं, भाऊ." डायलवरचा ३०० हा आकडा एक वचन असतो. नक्कल करणाऱ्याने वचनाची अक्षरं छापली, रबराची सील टाकायला विसरला.

मीही फसलोय, आणि परदेशी नावाने नव्हे. बाबांचं एचएमटी पायलट हरवलं म्हणून मी तसंच एक जुनं ऑनलाइन मागवलं. आलं ते नव्यासारखं लखलखीत. काकांनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं, नि:श्वास टाकला. मशीन एचएमटीचीच, पण दुसऱ्याच कुठल्या मॉडेलची. डायल घासून नव्याने रंगवलेली, वरची अक्षरं जराशी वाकडी. नाव खरं, मशीन खरी, आणि तरी सगळं मिळून खोटं. अशा रंगवलेल्या एचएमटींचा आता स्वतंत्र बाजारच झाला आहे. गंमत अशी की एचएमटीची सुरुवातही नकलेतूनच झाली: १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार, त्यांचं तंत्र, त्यांची मशीन. पण तिथे कुणी थांबलं नाही. देवनागरी आकड्यांची जनता घड्याळं आली, अंधांसाठी बोटांनी वाचायची ब्रेल घड्याळं आली. उसन्या मशीनवर आपल्या माणसाचा प्रश्न बसवला गेला. २०१६ मध्ये सरकारने तो कारखाना बंद करायचा निर्णय घेतला तेव्हा ज्यांना चुटपुट लागली, त्यांना सिटिझन आठवत नव्हतं.

असं बसवणं म्हणजे काय, याचा सर्वांत मोठा नमुना नागपुरात रोज डोळ्यांसमोर असतो. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या स्तूपावरून घेतलेला आहे. लपवाछपवी नाही, घुमट पाहताक्षणी सांची आठवते, तोरणं तर उघडउघड तिथलीच. त्याला 'सांचीची कॉपी' म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. का? सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीचा आतून पोकळ आहे, माणसं आत जाऊन एकत्र बसतात. १९५६ मध्ये ज्या जागेवर लाखो लोक जमले, तिथल्या स्तूपात माणसांनाच जागा नसती तर कसं चाललं असतं? रूप दोन हजार वर्षांपूर्वीचं, प्रश्न आजचा, आणि तो प्रश्न घुमटाच्या आत शिरला.

सेकोचं हेच झालं. जपानी घड्याळं स्विसांच्या वळणावर वळण गिरवत मोठी झाली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तारो तानाका नावाचा तरुण डिझायनर तिथे होता. दुकानाच्या काचेत स्विस घड्याळांशेजारी आपली घड्याळं मलूल का दिसतात, हे त्याला खटकलं, असं सांगतात. त्याने स्विस घड्याळ आणखी हुबेहूब काढायचं सोडलं आणि प्रकाश कुठून येतो, पृष्ठभाग सपाट असेल तर तो कसा परततो, याचे नियम लिहून काढले. १९६७चं ४४जीएस त्या नियमांतून निघालं. त्या दिवसापासून सेकोचा चेहरा सेकोचा झाला.

भाच्याच्या घड्याळावरची माझी तक्रार सुरू होते ती इथे. रॉयल ओकच्या बेझलवरचे आठ स्क्रू उगाच नाहीत. ते बेझलपासून केसच्या आरपार जाऊन सगळं एकत्र आवळतात. त्यांची डोकी षटकोनी खाचांत बसलेली असतात, म्हणून सगळ्यांच्या चिरा एका वळणात दिसतात. डोकं फिरतच नाही, आवळायचं ते मागून. स्वस्त नकलेत ते वरून चिकटवलेले ठिपके असतात, चिरा आठ दिशांना. उत्तर उतरवलं, प्रश्न उतरवायचा राहिला. पण हे निव्वळ नकलांचंच दुखणं आहे असं मानू नका. लग्नात जावयाला देतात त्या सोनेरी घड्याळांच्या काठाची खाचेदार नक्षी एके काळी बेझल पिळून घट्ट बसवण्यासाठी होती. आज खुद्द रोलेक्सवरही ती फक्त शोभेला उरली आहे. अस्सलही स्वतःचीच नक्कल करतं, आणि त्याचे लाखो रुपये घेतं.

मग इथला प्रश्न कोणता? समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पारा ४७ च्या पुढे जाणाऱ्या गावात पाणबुड्याचं घड्याळ कशाला, असं मी भाच्याला विचारणार होतो. चामड्याचा पट्टा मेच्या घामात एका उन्हाळ्यात कुजतो, त्यावर कुणी का विचार करत नाही? चकाकती काच दुपारी दोनच्या उन्हात सिग्नलवर आरसा होते, वेळ दिसतच नाही. आणि मार्चपासून जूनपर्यंत आपल्या मुली डोक्याला स्कार्फ, हातभर पांढऱ्या बाह्या, हातमोजे घालून गाड्या चालवतात. घड्याळ त्या बाहीच्या आत गुदमरलेलं असतं. बाहीवरून घालायचं, हाताने सैल-घट्ट करायचं, धुता येईल असं घड्याळ कुणी काढलं आहे का? युरोपात जे जन्मलंच नाही ते उतरवून कसं घेणार? ते इथेच, एखाद्या मुलीला रोज बाही वर सरकवताना पाहून सुचायला हवं.

हे सगळं मी मागच्या रविवारी भाच्याला ऐकवलं, बहिणीच्या घरी, तर्री-पोह्यांच्या बशा पुढ्यात असताना. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बेझल फिरवून दाखवली. अभ्यासाला बसताना तो तिची खूण मिनिटकाट्यावर आणतो, ४५ मिनिटं झाली की उठतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत. म्हणजे बेझलला नागपुरात काम मिळालं होतं, मला विचारल्याशिवाय.

मी हार मानणार नव्हतो. घड्याळ हातात घेऊन बेझल फिरवली, ती दोन्ही बाजूंना फिरली. मी टेबलावर हात आपटला. "बघ! पाणबुड्याची बेझल एकाच दिशेने फिरायला हवी. धक्का लागून सरकली तरी हवा उरलीय त्यापेक्षा कमीच दाखवेल, जास्त नाही. इतका साधा प्रश्न यांनी विचारला नाही."

"मामा," तो पोहे खात म्हणाला, "सुरुवातीच्या सबमरीनरची पण दोन्ही बाजूंनीच फिरायची."